सायलेन्सर बदलल्याने गाडी खरोखर पळते का?

सायलेन्सर बदलला की गाडीचा ‘पिकअप’ वाढतो, ही समजूत आपल्याकडच्या गॅरेजांमध्ये कार्ब्युरेटरच्या काळापासून चालत आली आहे. नवी मोटार घेऊन वर्ष उलटत नाही तोच अनेक हौशी मालक ‘फ्री फ्लो’ एक्झॉस्टची चौकशी करू लागतात. दुकानदार दहा-पंधरा अश्वशक्ती वाढेल असे छातीठोकपणे सांगतो, गाडी गुरगुरत दुकानाबाहेर पडते आणि चालवणाऱ्याला ती खरोखरच अधिक जोमाने पळत असल्याचे जाणवते. या जाणवण्यात तथ्य किती आणि भास किती, याचा उलगडा करायचा तर गाडीच्या पोटाखालच्या त्या नळीत नेमके काय घडते ते पाहावे लागते. आवाज आणि ताकद या दोहोंचा संबंध त्या एकाच नळीशी असला, तरी एक वाढला म्हणजे दुसरी वाढली असे मुळीच नसते.

आपण ज्याला सरसकट ‘सायलेन्सर’ म्हणतो ती खरे तर एक साखळी असते. इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमधून निघणारा जळका वायू प्रथम मॅनिफोल्डमध्ये एकत्र येतो, तेथून कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातो, मग गाडीच्या मध्यभागी असलेल्या लहान डब्यातून म्हणजे रेझोनेटरमधून पुढे सरकतो आणि शेवटी मागच्या मोठ्या डब्यातून व टोकाच्या नळीतून बाहेर पडतो. काटेकोरपणे बोलायचे तर मागचा डबा तेवढा सायलेन्सर. मोटारीच्या जन्मानंतर तो फार लवकर अवतरला. अमेरिकेतील मिल्टन रीव्ह्ज आणि त्याच्या भावाला एक्झॉस्ट मफलरचे पेटंट १८९७ सालीच मिळाले होते. पहिल्या मोटारींच्या फटफटाटाने लोक किती हैराण झाले असतील, याची कल्पना यावरून करता येईल.

बाजारात जे बदल केले जातात ते या साखळीच्या निरनिराळ्या टप्प्यांवर. केवळ मागचा डबा बदलणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत लोकप्रिय प्रकार. कन्व्हर्टरच्या मागचा सगळा भाग बदलला तर त्याला ‘कॅट-बॅक’ म्हणतात. मॅनिफोल्ड काढून त्याजागी प्रत्येक सिलिंडरला समान लांबीची स्वतंत्र नळी देणारा ‘हेडर’ बसवणे हे खर्चिक आणि कौशल्याचे काम. चौथा प्रकार कन्व्हर्टरच काढून टाकण्याचा. त्याविषयी पुढे बोलूच.

पाइपातले गणित

एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा सिलिंडरमधला वायू अजून चांगलाच दाबाखाली असतो. तो धक्क्यासरशी बाहेर पडतो आणि नळीत दाबाची एक लाट निर्माण होते. उरलेला वायू वर येणारा पिस्टन ढकलून बाहेर काढतो. वाटेत अडथळे जितके जास्त तितकी या ढकलण्यात इंजिनाची शक्ती वाया जाते. हाच तो ‘बॅक प्रेशर’. इंजिनाला थोडा बॅक प्रेशर हवाच असतो, असे अनेक अनुभवी मेकॅनिकही सांगतात. ते खरे नाही. या समजुतीचे एक मूळ कार्ब्युरेटरच्या दिवसांत आहे. नळी मोकळी केली की मिश्रणातले हवेचे प्रमाण बिघडे, जेट बदलून ते कोणी जुळवून घेत नसे आणि गाडी खालच्या वेगात ओढेनाशी होई. दोष मिश्रणाचा असे, आळ मात्र मोकळ्या नळीवर येई.

इंजिनाला हवी असते ती वायूची गती आणि लाटांचा मेळ. दाबाची लाट नळीच्या मोकळ्या टोकाशी किंवा जोडाशी पोचली की तिचे परावर्तन होते आणि कमी दाबाची लाट उलट सिलिंडरकडे येते. ती नेमकी त्या क्षणी पोचली, जेव्हा एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह बंद होत आहे आणि इनटेकचा उघडत आहे, तर ती उरलासुरला जळका वायू खेचून घेते आणि ताजी हवा आत यायला मदत करते. मात्र ही वेळ नळीच्या लांबीवर ठरते आणि एका लांबीला ती इंजिनाच्या एका विशिष्ट वेगापाशीच साधते. म्हणून चार नळ्या एकदम एकत्र आणणारा हेडर बहुधा वरच्या फेऱ्यांत फायदा देतो, तर आधी दोन-दोन आणि मग एक अशी जुळणी मधल्या फेऱ्यांत अधिक उपयोगी पडते. नुसती जाड नळी बसवली तर वायूची गती मंदावते आणि हा सारा मेळ विस्कटतो. ‘जितकी जाड तितकी चांगली’ हे तत्त्व इथे लागू होत नाही. हौसेपोटी अडीच इंची नळी बसवलेल्या छोट्या गाडीची सिग्नलवरून निघतानाची ओढ कधीकधी आधीपेक्षा कमी झालेली असते ती यामुळेच.

आता प्रत्यक्ष आकड्यांकडे वळू. आपल्याकडच्या असंख्य लहान मोटारींत १.२ लिटरचे चार सिलिंडरचे इंजिन आढळते. मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर पूर्ण अॅक्सिलरेटर दाबलेला असताना असे इंजिन सेकंदाला सुमारे ६० लिटर हवा घेते. जळून सातशे अंश सेल्सियसच्या आसपास तापलेली तीच हवा बाहेर पडताना तिपटीहून अधिक फुगलेली असते. या स्थितीत एक्झॉस्टमधला विरोधी दाब वातावरणाच्या दाबाच्या एक पंचमांश आहे असे धरू. तो दाब सोसून वायू ढकलायला इंजिनाचे सुमारे १,२०० वॅट, म्हणजे दीड अश्वशक्तीहून थोडे अधिक, खर्च होतात. नव्या सायलेन्सरने हा विरोध निम्म्यावर आणला तर वाचणारी शक्ती जेमतेम पाऊण-एक अश्वशक्ती. सिलिंडरमध्ये जळका वायू कमी उरल्याने मिळणारा फायदा वेगळा. तो धरला तरी ऐंशी-पंचाऐंशी अश्वशक्तीच्या अशा इंजिनात नुसत्या मागच्या डब्याने दहा-पंधरा अश्वशक्ती वाढण्याची गोष्ट या गणितात कुठेच बसत नाही. मोजता येईल इतका फरक पडलाच तर तो दोन-चार अश्वशक्तींचा, आणि तोही फेऱ्यांच्या अगदी वरच्या टोकाला.

हेच इंजिन २,००० फेऱ्यांवर असेल तर? वायूचा प्रवाह एक तृतीयांश होतो. विरोध प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात घटत असल्याने दाब एक नवमांशावर येतो आणि वाया जाणारी शक्ती सत्ताविसाव्या हिश्शावर, म्हणजे ४५ वॅटच्या आत. घरातला जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब याहून अधिक वीज खात असे! शिवाय शहरात आपण अॅक्सिलरेटर क्वचितच पूर्ण दाबतो. इंजिनाचा श्वास तेव्हा पुढच्या बाजूला, अर्धवट मिटलेल्या थ्रॉटलपाशी, कोंडलेला असतो. मागची वाट कितीही प्रशस्त केली तरी पुढचे दार किलकिलेच. सायन-पनवेल रस्त्यावर किंवा सिंहगड रोडवरच्या संध्याकाळच्या रांगेत सरकणाऱ्या गाडीला मोकळ्या एक्झॉस्टचा काडीचाही उपयोग नसतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाट भागात ताशी १०० किलोमीटरने जाणाऱ्या लहान मोटारीलाही साधारण वीसच अश्वशक्ती पुरते. मायलेज वाढल्याचे दावेही याच निकषावर तपासून घ्यावेत.

टर्बोचार्जर असलेल्या इंजिनांची गोष्ट थोडी निराळी आहे. तेथे टर्बाइनच्या पुढचा आणि मागचा दाब यांतल्या फरकावर टर्बो फिरतो. मागची वाट मोकळी केली की तो लवकर वेग घेतो. पण आजच्या गाड्यांत टर्बोने किती दाब द्यायचा आणि इंजिनाने किती टॉर्क काढायचा हे संगणक ठरवतो. ठरलेला आकडा गाठला की तो जास्तीचा वायू बाजूच्या वाटेने सोडून देतो. त्यामुळे संगणकातील प्रोग्राम न बदलता केवळ नळी बदलणाऱ्याच्या पदरी इथेही थोडेच पडते. ‘स्टेज’च्या भाषेत विकल्या जाणाऱ्या पॅकेजमधली खरी वाढ बहुतांशी रिमॅपिंगची असते, श्रेय मात्र चकचकीत सायलेन्सर घेऊन जातो, कारण तो दिसतो आणि ऐकू येतो. डिझेल गाड्यांत तर टर्बो, कन्व्हर्टर आणि काजळीचा फिल्टर यांतून गेल्यावर आवाजही फारसा उरत नाही. डिझेलचा ओळखीचा खडखडाट नळीतून येत नसून सिलिंडरमधल्या ज्वलनातून येतो.

आवाजाची जात

ताकदीच्या बाबतीत कंजूष असलेली ही नळी आवाजाच्या बाबतीत मात्र उदार आहे. चार सिलिंडरचे फोर-स्ट्रोक इंजिन प्रत्येक फेरीला दोनदा ‘फुटते’. मिनिटाला ३,००० फेऱ्या म्हणजे सेकंदाला शंभर धक्के, म्हणजेच १०० हर्ट्झचा मूळ स्वर. तीन सिलिंडरच्या इंजिनात त्याच वेगाला हा स्वर ७५ हर्ट्झवर येतो. मूळ स्वरावर त्याचे पटीतले उपस्वर चढतात आणि त्यांच्या कमी-अधिक मिश्रणातून आवाजाचा पोत तयार होतो. अमेरिकी व्ही-एट इंजिनांची ती प्रसिद्ध गडगड येते, कारण त्यांच्या प्रत्येक बाजूच्या चार सिलिंडरमधले धक्के समान अंतराने पडत नाहीत. जुन्या सुबारू गाड्यांचा खास घुमारा तर हेडरच्या नळ्या असमान लांबीच्या असल्यामुळे होता; समान लांबीच्या नळ्या बसवल्या की तो नाहीसा होई. आवाजाची जात अशी इंजिनाच्या आणि मॅनिफोल्डच्या रचनेत ठरलेली असते. मागच्या डब्याने ती बदलत नाही. आपल्या हॅचबॅकला हजारो रुपये खर्चून व्ही-एटचा आवाज आणू पाहणाऱ्यांनी हे आधीच ध्यानात घेतले तर बरे.

सायलेन्सर या स्वरांवर दोन तऱ्हांनी काम करतो. कंपनीने बसवलेल्या डब्यात बहुधा आडव्या भिंती, कप्पे आणि छिद्रे पाडलेल्या नळ्या असतात. लाटा त्यांत आपटून परततात आणि एकमेकींना छेद देऊन मावळतात. बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की एकच स्वर घुमतो. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखले जाणारे हेच तत्त्व उलट वापरून, बाजूला जोडलेल्या एका पोकळीने नको असलेला एकच स्वर नेमका टिपता येतो. दुसऱ्या तऱ्हेत सरळ, छिद्रयुक्त नळीभोवती काचतंतू किंवा पोलादी लोकर भरलेली असते. ‘फ्री फ्लो’ म्हणतात तो हाच. त्यातून वायू जवळजवळ विनाअडथळा जातो. वरचे, कर्कश स्वर लोकरीत मुरतात, खालचे खर्जातले स्वर मात्र मोकळे सुटतात. नवा असताना हा डबा भारदस्त वाटतो. पुढे लोकर जळून-झडून गेली की त्याचाच आवाज पत्र्याच्या पिंपासारखा येऊ लागतो. स्वस्त मालात हे लवकर घडते.

खर्जाची ही मोकळीक मालकाच्याच मुळावर येते. हमरस्त्यावर शेवटच्या गिअरमध्ये इंजिन साधारण २,००० ते ३,००० फेऱ्यांवर असते, म्हणजे मूळ स्वर ६७ ते १०० हर्ट्झ. मोटारीच्या बंद केबिनची पोकळीही अनेकदा नेमकी याच पट्ट्यात घुमू लागते. दुकानाबाहेरच्या दहा मिनिटांच्या फेरीत कानाला गोड लागलेला आवाज नाशिकला पोचेपर्यंत डोके उठवतो. इंग्रजीत त्याला ‘ड्रोन’ म्हणतात. तानपुऱ्याच्या साथीलाही हाच शब्द आहे, पण ही साथ कोणी मागितलेली नसते. त्यावर उपाय म्हणून मुख्य नळीला टोक बंद असलेली एक शाखा जोडतात. गरम वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला पाचशे मीटरच्या पुढे असल्याने १०० हर्ट्झ मारायला ही शाखा सव्वा मीटरहून लांब लागते. लहान गाडीखाली इतकी जागा मिळणे कठीणच.

ह्युंदाईने २०२१ साली भारतात आणलेल्या ‘आय-ट्वेंटी एन लाइन’चे उदाहरण या संदर्भात फार बोलके आहे. या गाडीला दोन तोंडांचा, मुद्दाम जोरकस आवाजाचा एक्झॉस्ट दिला होता; सस्पेन्शन व स्टिअरिंगही निराळे होते. इंजिन मात्र साध्या ‘आय-ट्वेंटी टर्बो’मधलेच, एक लिटरचे आणि १२० अश्वशक्तीचे. ताकदीचा अधिकृत आकडा एकानेही वाढलेला नव्हता. आवाजासाठी स्वतंत्रपणे काम करणाऱ्या कंपनीने त्या आवाजाच्या बळावर जादा शक्तीचा दावा केला नाही, हे लक्षणीय आहे. बीएमडब्ल्यूने तर २०११च्या एम-फाइव्हमध्ये इंजिनाचा आवाज स्पीकरमधून केबिनमध्ये ऐकवण्याची सोय केली होती. इंजिन ऐकू आले की वेग जाणवतो, हे मोटार कंपन्या पुरेपूर जाणतात. फ्री फ्लो बसवलेल्या मालकाचा अनुभव खोटा नसतो. त्याचे कान खरे सांगतात आणि मन त्याचा अर्थ वेगाशी लावते, इतकेच. खात्री करून घ्यायची असेल तर डायनामोमीटरवर आधीचा आणि नंतरचा आलेख एकाच दिवशी, एकाच यंत्रावर काढून मागावा. ‘आधीचा’ आलेख न काढता ‘नंतरचा’ दाखवणाऱ्या दुकानात आकड्यांची चर्चाच करू नये.

कन्व्हर्टर काढण्याचा प्रकार

आवाज आणखी मोकळा व्हावा म्हणून काही जण कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून त्याजागी सरळ नळी वेल्डिंग करून घेतात. या बदलाबाबत मात्र ‘ज्याची त्याची हौस’ असे म्हणून गप्प बसता येत नाही. कन्व्हर्टरच्या आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा लेप असतो. तापल्यानंतर तो कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले इंधन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक भाग निरुपद्रवी करतो. चार महानगरांत विकल्या जाणाऱ्या नव्या पेट्रोल मोटारींना तो एप्रिल १९९५ पासून सक्तीचा झाला. शिशाने हा लेप निकामी होत असल्याने त्यासाठी शिसेविरहित पेट्रोलही आणावे लागले आणि २००० साली ते देशभर लागू झाले. इतक्या खटाटोपाने मिळालेले यंत्र एका दुपारी कापून काढले, तर तीच गाडी नव्वद सालाच्या आधीच्या गाडीसारखे विष ओकू लागते, आणि ते मागे उभ्या असलेल्या दुचाकीस्वाराच्या नाकातोंडात जाते. हवेत सोडलेला हा वाटा मालकाच्या पदरात दोन-चार अश्वशक्तींपलीकडे काही टाकत नाही.

तांत्रिक अडचणी वेगळ्याच. कन्व्हर्टरच्या मागे एक ऑक्सिजन सेन्सर त्याच्या कामावर लक्ष ठेवून असतो. कन्व्हर्टर गेला की डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. भारत स्टेज सहा हे निकष एप्रिल २०२० पासून आले आणि त्यांचा दुसरा टप्पा एप्रिल २०२३ पासून लागू झाला. त्यानंतरच्या गाड्यांत ही देखरेख आणखी कडक आहे. अॅक्सिलरेटर सोडल्यावर फटाके फुटल्यासारखा आवाज काढणारे ‘पॉप्स’चे प्रोग्राम हाही असाच प्रकार. त्यात पेट्रोल मुद्दाम नळीत नेऊन जाळतात. कन्व्हर्टर शाबूत असेल तर या उष्णतेने त्याची जाळी वितळते.

कायद्याची बाजूही पाहून ठेवावी. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२० नुसार प्रत्येक वाहनाला आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर असणे बंधनकारक आहे. प्रवासी मोटारींना २००५ पासून ७४ डेसिबलची मर्यादा आहे. नव्या मॉडेलची चाचणी वाहन वेगाने जात असताना साडेसात मीटरवर मायक्रोफोन ठेवून करतात. पुण्याच्या ‘एआरएआय’मध्ये अशा चाचण्या होतात. डेसिबलचे माप फसवे असते. दहा डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहापट होते आणि कानाला आवाज सुमारे दुप्पट वाटतो. त्यात ‘ए’ प्रकारच्या मोजणीत १०० हर्ट्झचा स्वर १९ डेसिबलने कमी धरला जातो. मोबाइलच्या अॅपवर ‘फार काही नाही’ असे दिसले तरी तोच खर्ज बंद खिडकीतून आणि भिंतीतून आरपार जातो. रात्री अकरा वाजता सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी सुरू होते तेव्हा तिसऱ्या मजल्यावरचे तान्हे बाळ दचकते ते याच्यामुळे. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनीची मर्यादा ४५ डेसिबल आहे.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली हवा किंवा ध्वनिप्रदूषणाचे निकष मोडणाऱ्याला, २०१९ च्या दुरुस्तीनुसार, पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. तीन महिन्यांसाठी परवानाही जातो. त्याच वर्षीच्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने, उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत फेरबदल वाहनात करता येणार नाहीत, असा निर्वाळा दिला होता. जप्त सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडले जात असल्याची छायाचित्रे आपल्या शहरांतून अधूनमधून प्रसिद्ध होतात. त्यांत बुलेटचेच सायलेन्सर अधिक दिसतात, पण कायदा मोटारीला वेगळा नाही. ‘पीयूसी’चे प्रमाणपत्र आहे, हा बचावही तोकडा पडतो, कारण ती तपासणी धुराची असते, आवाजाची नव्हे.

हौस नसतानाही सायलेन्सर बदलण्याची वेळ बहुतेकांवर येतेच, आणि तिचे कारण असते गंज. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे एक लिटर पाणी तयार होते! लांबच्या प्रवासात ते वाफ होऊन निघून जाते. घर ते स्टेशन अशा पाच-दहा मिनिटांच्या फेऱ्यांत मागचा डबा पुरेसा तापत नाही, पाणी आतच साचते आणि पत्रा आतून कुजतो. कोकणपट्टीच्या खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात बाहेरूनही भर पडते. म्हणून कमी चालणाऱ्या गाडीचा डबा अधिक चालणाऱ्या गाडीच्या आधी गेला तर नवल वाटू नये. अशा वेळी कंपनीचा किंवा त्याच मापाचा, शक्यतो स्टेनलेस स्टीलचा डबा घ्यावा. वळणावर नळी दबून चपटी झालेली नाही ना, हे हात फिरवून पाहावे आणि टांगायची रबरेही त्याच वेळी नवी टाकून घ्यावीत. हौसेने डबा बदलणाऱ्यांनी मात्र कंपनीचा मूळ सायलेन्सर भंगारात न देता माळ्यावर जपून ठेवावा. वॉरंटीचा दावा करताना, विम्याच्या तपासणीत किंवा गाडी विकताना त्याचीच विचारणा होते.